चार बोटांवर थांबणारा हात

मी मुळातच संशयी माणूस. शाळेत फळा पुसलेला दिसला, तरी तो कुणी आणि का पुसला हे विचारल्याशिवाय मला राहवत नसे. मास्तरकीत हा स्वभाव खपून गेला. धर्मा नावाच्या आमच्या एका गड्याच्या बाबतीत मात्र नडला.

सन एकतीसचा हंगाम. चौलला आमचं आट्यापाट्यांचं मंडळ होतं. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर आपला एक गडी. त्याने पाटी सोडायची नाही. या सगळ्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी, तिच्यावरचा गडी तो सूर. तो वरपासून खालपर्यंत धावत असतो आणि पार होऊ पाहणाऱ्याला शिवतो. शिवला की तो बाद. सूर ढिला पडला की बाकीचे आठ जण नुसते पाहुणे.

आमचा सूर धर्मा. दारातून वाकूनच आत यावं लागेल इतका उंच, पण त्याला कुणी दारातून आत बोलवत नसे. त्याची वस्ती गावाबाहेर, विहीर वेगळी. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधली सुकी झावळं गोळा करणं आणि गावचा सांगावा घेऊन रेवसच्या धक्क्यापर्यंत पळत जाऊन येणं, ही त्याची कामं. एकदा वस्तीतल्या गड्यांबरोबर खेळताना मी त्याला पाहिला. त्याच्या हातून एकही सुटला नाही. त्याला मंडळात घ्यायचंच, असं मी तिथेच ठरवलं.

मी स्वतःला सुधारणावाला म्हणवत असे. मैदानात विटाळ नसतो, असं बैठकीत ठणकावून सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष तात्या, आठ वाड्यांचे मालक, त्यांनी खेळून झाल्यावर अंघोळीला समुद्र आहेच, म्हणून मान डोलावली. शेजारच्या रेवदंड्याच्या मंडळानेही त्याच बोलीवर होकार दिला. पाणी मात्र मी धर्माच्या ओंजळीत वरून ओतायचो. तेवढं चालायचंच, असं मला वाटे.

हंगाम सुरू झाला आणि धर्माने माझं नाक कापलं. धावायचा वाऱ्यासारखा, गाठायचा प्रत्येकाला, पण हात पाठीपासून चार बोटांवर थांबायचा. गडी पार. आमच्या गड्यांबरोबरच्या सरावातही तेच व्हायचं, पण तिथे तो सामन्यासाठी दम राखतोय असं मी समजून चाललो होतो. रेवदंड्याविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्यांचा कप्तान विश्वंभर त्याच्या हाताखालून तीनदा निसटला. आम्ही हरलो. तात्या एवढंच म्हणाले की रविवारी बैठक घेऊ, सुराच्या जागेचं काय ते ठरवू. त्यांचा पुतण्या त्या जागेवर डोळा ठेवून होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली. विश्वंभरच्या वाडीत धर्मा झावळं काढायला जायचा, हे मला ठाऊक होतं. विश्वंभर तीन-तीनदा कसा सुटतो? मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो. शुक्रवारी सुपारीच्या निमित्ताने रेवदंड्याला गेलो, तर काय दिसावं? विश्वंभरने ओटीवरून एक गाठोडं खाली टाकलं, धर्माने ते वरच्यावर झेललं, कपाळाला लावलं आणि निघाला.

इथेच पाणी मुरत होतं तर! राग असा आला की सुपारी घ्यायचीही राहिली. ज्याच्यासाठी मी अख्ख्या गावाशी भांडलो, त्याने मला विकून खाल्लं, असंच मला वाटलं. मी त्याच्या मागे मागे निघालो.

धर्मा वस्तीकडे वळला नाही. खाडीलगत वालाचं शेत होतं, तिथे शिरला. मी बांधाआड उभा राहिलो. ऊन उतरायला आलं होतं. त्याने गाठोडं सोडलं. आत एक जुना काळा कोट होता. तो त्याने शेतातल्या बुजगावण्याला चढवला, बटणं लावली, दहा पावलं मागे गेला आणि धावत आला. हात पुढे गेला आणि कोटापासून चार बोटांवर थांबला. तो परत मागे गेला. परत धावला. पाचव्यांदा की सहाव्यांदा त्याचा तळवा कोटाच्या पाठीवर पडला, तेव्हा त्याने चोरी केल्यासारखं आजूबाजूला पाहिलं. त्यात मी दिसलो.

कोट थंडीसाठी म्हणून मागून आणला, असं तो घाईघाईने सांगू लागला. मी विचारलं, की सामन्यात हा हात कुठे जातो?

"हात जातो पुढं, मास्तर," तो म्हणाला. "पर शिवायची येळ आली की आपोआप मागं येतो. ल्हानपनी आईनं मारून मारून शिकवलंय त्याला, कुनाला शिवू नको म्हनून. मी सांगितलेलं तो ऐकत न्हाय."

मी हंगामभर त्याला ओरडत होतो, "शिव, धर्मा, शिव!" तो शब्द त्याच्या कानांत कसा शिरत असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी केलंच पाहिजे म्हणून मी काठी बांधावर ठेवली आणि शेतात उतरलो.

"मी पळतो. मला शिव," म्हणालो.

तो नको नको म्हणत होता, पण मी पळालोच. पन्नाशीतलं पळणं ते काय! चार ढांगांत त्याने मला गाठलं. मान वळवून पाहिलं तर हात या वेळी थांबला नव्हता. सरळ माझ्या खांद्यावर येत होता. आणि मी खांदा चोरला. विचार करून नव्हे, आपोआप. अंतर तेवढंच राहिलं, चार बोटं.

धर्मा मागे वळला. जाऊन कोटाचं निघालेलं बटण लावत बसला.

रविवारी तात्यांनी सरळ विचारलं, की मास्तर, तुमचा सूर पुढच्या वर्षी सुधारेल का?

"तो सुधारेल," मी म्हणालो. "माझं सांगवत नाही."

तात्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण धर्माची जागा राहिली. शिमग्यापर्यंत मी रोज त्या शेतात जात होतो. पहिले पंधरा दिवस मी खांदा चोरत होतो. मग एक दिवस हात पडला.

पुढच्या हंगामात पहिलाच सामना रेवदंड्याशी पडला. विश्वंभर तिसऱ्या पाटीवरून निसटला, तोच धर्मा मागून आला. तळवा पाठीवर पडल्याचा आवाज माझ्या बाकापर्यंत ऐकू आला. विश्वंभर बाद झाला आणि कुणाकडे न बघता तडक समुद्राकडे चालू लागला.

धर्मा धापा टाकत पाण्याला आला. सवयीप्रमाणे खाली बसला आणि ओंजळ पुढे केली. मी तांब्या वाकवला नाही. त्याने तो हातात घ्यावा म्हणून त्याच्यापुढे धरून उभा राहिलो. ओंजळ बराच वेळ तशीच होती.