तिचा फॉर्म मी भरला होता

"पूर्वी कधी टीबी झाला होता का?" डॉक्टरांनी विचारलं आणि सवयीने मीच बोललो, "नाही मॅडम. आमच्याकडे कोणालाच नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या बायकोकडे, मंगलकडे बघत होत्या. मंगलने पर्सची चेन उघडली, बंद केली आणि म्हणाली, "झाला होता. बारावीत असताना. सहा महिने गोळ्या घेतल्या."

आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मला हे माहीत नव्हतं.

आम्ही नाशिकमधलं सातपूर सोडून पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. मी, मंगल, आमची कॉलेजला जाणारी मुलगी आणि माझी आई. जुने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेले होते. मंगलला खोकला कायमचाच होता. थंडीत वाढायचा, सकाळी कफ पडायचा. जुने डॉक्टर ॲलर्जी म्हणायचे, सिरप द्यायचे. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

त्या सकाळी बेसिनमध्ये मला लाल रेघ दिसली. "दातातून आलं असेल," मंगल म्हणाली आणि नळ सोडला. मी ऐकलं नाही. तिला घेऊन शेजारच्या सोसायटीतल्या दवाखान्यात गेलो.

नवीन पेशंट म्हणून काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता, आणि खाली आजारांची यादी. बीपी, शुगर, दमा, टीबी, ऑपरेशन. मंगल चार पावलांवर खुर्चीत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळीकडे 'नाही'वर खूण केली. तिला एका शब्दाने विचारलं नाही. विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिचं उत्तर ऐकल्यावर डॉक्टर मला म्हणाल्या, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसता का?"

मी बाहेर आलो. आधी राग आला, खोटं कशाला बोलणार. बावीस वर्षं ही बाई माझ्यापासून एवढी गोष्ट लपवते, मग अजून काय काय असेल? मग भीती वाटली. मुलीला काही झालं तर? काउंटरवरची मुलगी "काका, पाणी देऊ का?" म्हणाली, तेव्हा लक्षात आलं की मी मघापासून उभाच होतो.

आत बोलावल्यावर डॉक्टरांनी तपासणीचं नाव सांगितलं नाही की औषधाचं. आधी एवढंच म्हणाल्या, "यांना मी विचारलं, इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, हे नेहमी सोबत असायचे."

ते वाक्य मला टीबीपेक्षा जास्त लागलं. मी चांगला नवरा आहे, बायकोला कधी एकटीला दवाखान्यात पाठवत नाही, असं मी लोकांना सांगायचो.

पुढचे दिवस तपासण्यांचे. थुंकीची सीबीनॅट नावाची तपासणी केली. टीबीचे जंतू पुन्हा आले आहेत का, हे त्यात कळतं. मग मुंबई नाक्याजवळच्या सेंटरवर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन. रिपोर्ट येईपर्यंत मंगलने घरात मास्क लावला, ताट वेगळं केलं, मुलीच्या खोलीत जाणं बंद केलं. आईला सांगितलं, सर्दी आहे.

स्कॅन सेंटरच्या बाकावर ती आपणहून बोलली. तिचे वडील तिला पिंपळगावहून एसटीने नाशिकला आणायचे. गावातल्या दवाखान्यात ओळखीचं कोणी बघेल म्हणून. औषधांचा डबा धान्याच्या कोठीमागे असायचा. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने बजावलं होतं, बरी झालीस ना, मग विषय संपला.

मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. मला भांडायचं होतं. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तवा लय भ्या वाटायचं हो. पोरीला कोणी केलं नसतं. तुम्ही केलं असतं का?"

मी फोन ठेवून दिला.

थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत. मंगलला जे झालं होतं त्याचं नाव ब्राँकिएक्टेसिस. डॉक्टरांनी कागदावर फांद्या काढून समजावलं. जुन्या टीबीने फुप्फुसातल्या काही श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि ढिल्या झाल्या होत्या. त्यांत कफ साठतो, जंतू वाढतात, कधी रक्त पडतं. "जुना टीबी माहीत असता, तर कोणत्याही डॉक्टरने हा स्कॅन केव्हाच करायला लावला असता," त्या म्हणाल्या. "पूर्ण बरं होणार नाही. पण आटोक्यात राहील."

अँटिबायोटिकचा कोर्स झाला. फिजिओथेरपिस्टने कफ काढायचे व्यायाम शिकवले, ते ती रोज सकाळी करते. लसी घेतल्या. रक्त परत दिसलं तर वाट न बघता यायचं, असं ठरलं आहे. आता सात महिने झाले, रक्त नाही.

नवीन डॉक्टरकडे नाव नोंदवायला जाणाऱ्यांना, विशेषतः माझ्यासारख्या नवऱ्यांना एवढंच सांगतो. फॉर्म ज्याचा त्याला भरू द्या. लिहिता येत नसेल तर एकेक ओळ वाचून विचारा आणि उत्तराला वेळ द्या. डॉक्टर बाहेर बसा म्हणाल्या तर बसा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मला बाहेर काढलं नसतं, तर मंगल अजून ॲलर्जीचं सिरप पीत असती.

राहिली होती माझी आई. मी म्हटलं, मी सांगतो. मंगल म्हणाली, "नको. माझं मी सांगेन."

एका रविवारी दोघी मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा तिने सांगितलं. पहिल्यापासून, एसटीसकट. मी पेपर धरून बसलो होतो, एक अक्षर वाचत नव्हतो. आईचे हात थांबले.

मग ती म्हणाली, "आणि सातपूरला आठ वर्षं गार पाण्याने पहाटे कपडे धूत होतीस. मला सांगायला काय झालं होतं गं तुला?"

मंगलला हसू आलं, हसता हसता खोकला आला. ती उठून आत गेली नाही. तिथेच बसून खोकली. आईने मेथी बाजूला सारली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.