अन्नपूर्णाबाईंचा डावा कान

सकाळी चुलीवर चहा ठेवला की अन्नपूर्णाबाई अंगणाच्या टोकाला जायच्या आणि तलावाच्या पाळीखालच्या धानाच्या बांधीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारायच्या. नवेगाव बांधची निम्मी वस्ती त्या हाकेवर उठायची. केवळराम पुष्कळदा मागे गोठ्यातच असे.

"अवो, मी इथंच आहो ना. काऊन बोंबलून राहिली?"

"तुमाले कोन बलावते? गळा साफ करून राहिली."

१९९९च्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या नाटकात, त्यांच्या तोंडाला पहिल्यांदा रंग लागला. मग दिवाळी ते होळी गावोगावची नाटकं सुरू झाली. आज गोंदियाकडच्या गोरेगावात सासू, उद्या अर्जुनीत राणी. रोज नवं नाटक म्हटल्यावर पाठ कोण करणार? मंचापुढच्या खड्ड्यात, डाव्या अंगाला बसून उदाराम प्रॉम्प्टर वाक्य वाचायचा. बाईंचा डावा कान ते झेलायचा, आणि गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. पाठ करणं म्हणजे काय, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

२०१२ साली तलावाकाठी सिनेमाचं शूटिंग आलं. तरुण दिग्दर्शकाने त्यांना आईचं काम दिलं. शहरातून परतलेला मुलगा विचारतो, "ओळखलंस मला?" आई म्हणते, "चालण्यावरूनच ओळखलं. हात धू, जेवायला बस." काम एवढंच, पण केवळरामने अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

मुलाने विचारलं. बाई डावा कान झुकवून वाट बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा घोकून बोलल्या, तर इतक्या मोठ्याने की आवाज टिपणाऱ्याने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. दिग्दर्शक सहायकाला हळूच म्हणाला, "नागपूरच्या बाईंना फोन लाव. उद्या त्यांच्याकडून करून घेऊ."

बाईंनी ते बरोबर ऐकलं.

"सर, येक डाव अजून. पन आमच्या उदारामले बलवा."

उदाराम सायकलवर आला. त्याला सीनमधल्या खाटेमागे बसवलं.

"हळू वाच," बाई त्याला म्हणाल्या, "म्हंजे मीबी हळू बोलीन."

"पण यांचा आवाज येईल ना," दिग्दर्शक म्हणाला.

"याचं वाचून झालं का मंग माहं बोलनं. याचं कापून टाका जी."

मुलाने विचारलं. खाटेमागून कुजबुज आली. बाई मान कलती करून ऐकत राहिल्या, आणि मग त्याच पट्टीत, चुलीजवळ बोलावं तसं बोलल्या. कुजबुज पुढे पुसली गेली. मधलं थांबणं तेवढं राहिलं.

गोंदियात सिनेमा लागला तेव्हा सगळे जीपने गेले. पडद्यावर आई काही न बोलता मुलाकडे बघत राहिली. मागच्या रांगेत कुणी म्हणालं, "क्या देखती है यार बेटे को."

"थ्या टायमाले मी वाचून राहिलो होतो," उदाराम पुटपुटला.

"मालूम आहे. गप बस, आयकू दे."

महिनाभराने नागपूरहून फोन आला. नव्या सिनेमात आजीचं काम होतं, थोडं मोठं. बाई याल का, म्हणून विचारत होते.

"येतो ना जी, आमी दोघं येतो," बाई म्हणाल्या. "अना जेवनवाल्याले सांगून ठेवा, उदाराम वांगं खात नाही."