केबलवरचं तोरण

आमच्या आईने एकदा झेंडूच्या फुलांनी आख्खं नेटवर्क बंद पाडलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिल्वासाच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी गोडाऊनमध्ये खोकी मोजायला होतो. (मोजायचो कमी, उचलायचो जास्त!) शेठनी तीन कंप्युटर आणले. वापीला जाऊन कोर्स केलेला एकटा मीच. शेठ म्हणाले, "दशेऱ्याला चालवून दाखव. चाललं तर तू सिस्टीम मॅनेजर. नाय तर गोडाऊन आहेच."

सिस्टीम मॅनेजर! नरोलीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी जमिनीवर चालेनासा झालो. रोज बायकोला समोर बसवून धडे सुरू केले.

"सुनंदा, सर्व्हर म्हणजे घरातला कर्ता. बाकीचे कंप्युटर मागणार, तो देणार. पासवर्ड म्हणजे किल्ली."

"अहो, पण कर्त्याच्या किल्ल्या असतात कुणाकडे?"

मी विषय बदलला. टायपिंगची परीक्षा पास झालेल्या बाईशी वाद घालू नये.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा, त्यामुळे सगळ्यांच्या घरची माणसं आलेली. सुनंदा होतीच, धुळ्याहून आईसुद्धा आली होती. कंप्युटर-रूमला शेठनी खास नवा रंग दिला होता आणि दारावरचे खिळे काढून टाकले होते. दारावरून जात होती फक्त माझी काळी केबल. सर्व्हर अलीकडे, दोन कंप्युटर पलीकडे. ही केबल कुठेही जरा निसटली, की तिन्ही एकदम मुके!

"कुणी कशाला हात लावू नका!" असं दरडावून मी टाय बांधायला गेलो. परत येतो तर तिन्ही पडदे थिजलेले!

"सर्व्हर डाऊन!" मी ओरडलो. सर्व्हर बंद केला, चालू केला. मागच्या वायरी काढल्या, खोचल्या. घामाने टाय भिजला. शेवटी देवाला हात जोडून वर पाहिलं, तर केबलवर हातभर जाडीचं झेंडूचं तोरण! त्या वजनाने केबल सांध्यातून निसटलेली!

"आई! हे काय?"

"मंग? दसऱ्याले दार बोडकं ठेवतंस का रे भाऊ?"

मी तोरण उतरवलं, केबल खोचली. चालू! आनंदाने उडी मारली, तेवढ्यात दारात शेठ.

"दारावर तोरण कां नथी?"

"मी लावेल होतं, शेठजी. यानंच काढलं!" आईने जागच्या जागी साक्ष दिली.

"तोरण वगर शुभ काम केम थाय? लाव पहिले!"

लावलं तर नेटवर्क जातं, नाही लावलं तर शेठ जातात! माझी नोकरी त्या चौकटीत लटकली होती. मी खुर्चीवर चढलो, तोरणाची दोन्ही टोकं हातांत धरली आणि केबलला धक्का न लावता दारात उभा राहिलो.

"आता चालव," शेठ म्हणाले.

चालवणार कशाने? पायाने?

"सुनंदा!" मी वरूनच हाक मारली. "पासवर्ड टाक!"

ती बसली आणि बोटं अशी धावली म्हणता! अलीकडे टाइप केलेला गोडाऊनचा माल क्षणात पलीकडच्या पडद्यावर. शेठ लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. माझ्या नाकात झेंडूची पाकळी गेली होती, पण मी शिंक दाबून नेटवर्क सांभाळलं.

"बेन, सोमवारथी या. कंप्युटर तुम्हीच सांभाळा." मग शेठनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "अने तू! किती वेळ हात वर, पण जराय हलला नाय. असा मजबूत माणूस गोडाऊनमधून काढायचा नाय!"

घरी जाताना आई भलतीच खूश होती.

"पाहिलं? तोरनाचा गुन! नोकरी घरातच राहिली!"

मला कपाळावर हात मारून घ्यायचा होता, पण तो खांद्याच्या वर जातच नव्हता.