थॉमसिनबाईंनी मान लववली

इंग्लंडातल्या बाथ शहराच्या पंप रूममध्ये गेली बावीस वर्षं मी औषधी पाण्याचे पेले भरतेय. त्या कोमट, लोखंडी चवीच्या पाण्याने कुणाचे सांधे सुटले का, देव जाणे. पण कोण कुणाला ओळख देतो, ते मला बरोबर कळतं.

थॉमसिन यो ह्या श्रीमती चडली यांच्या पगारी सोबतीण. शाल उचलायची, कुत्रा फिरवायचा. थॉमसिनबाईंची भाची केझाया, मेणबत्त्या करणाऱ्याची मुलगी, सहा आठवड्यांसाठी आली होती. रीतसर ओळखीशिवाय कुणी नाचायला विचारत नाही, आणि मेणबत्तीवाल्याच्या मुलीशी ओळख हवी होती कुणाला? पोर पाच आठवडे भिंतीलगत बसून राहिली. शेवटचा नाच शुक्रवारी होता.

सगळं बाथ ज्यांचं बघून वागे, त्या सर लायनेल पेटिफर यांनी तिला ओळख दिली की बाकीचे आपोआप येतील, हे थॉमसिनबाई जाणून होत्या. अकरा वर्षांपूर्वी ते त्यांच्याबरोबर दोनदा नाचले होते. मग बाईंचे वडील वारले, घर गेलं आणि साहेबांची नजर बाईंपुरती अधू झाली! बाईंनीही अभिमानाने कधी मान लववली नाही. आधी ओळख द्यायचा हक्क मात्र बाईचाच. तिने मान लववली की पुरुषाने वाकायलाच हवं.

सोमवारी त्यांनी भर सभेत मान लववली. साहेब छताकडे बघत राहिले. मंगळवारी घड्याळाकडे. बुधवारी बायकांच्या हातपंख्यांआड कुजबूज सुरू झाली, तीही साहेबांबद्दल.

"पुरे हा तमाशा," चडलीबाई फणकारल्या. "पुन्हा मान हलवलीस तर पेटी भर!"

"भरून ठेवलीय, बाईसाहेब."

मला त्यांचा इतका अभिमान वाटला की हातातला पेला सांडला.

गुरुवारी त्यांनी परत मान लववली. सगळे साहेबांकडे वळले. साहेब लालबुंद झाले आणि वाकले.

"मिस यो! किती वर्षांनी!"

"वर्षं कुठली? आज चौथाच दिवस, सर लायनेल. माझी भाची तिकडे बसलीय. चला."

"तिलाच बोलवा ना इकडे."

"ओळख करून घ्यायला पुरुष जातो, साहेब. विसरलात?"

सगळ्या दालनातून त्यांना चालवत त्या बाकापाशी घेऊन गेल्या. दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखी केझाया धडपडत उठू लागली.

"बसून राहा," मावशी म्हणाली. "हे सर लायनेल पेटिफर. तुझी परवानगी असेल तर यांना तुझी ओळख हवीय."

आणि पोर हो म्हणेपर्यंत साहेब उभे राहिले.