पंपवाल्या काकांच्या रेकॉर्डी

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं पंप सांभाळलेल्या माणसाला बिल्डिंगमध्ये दुसरं काय म्हणणार? पंपवाले काका. कान असा तयार, की नुसत्या घरघरीवरून कुठलं बेअरिंग आता थोड्याच दिवसांचा सोबती आहे ते सांगत, आणि ते खरं ठरे.

तरुणपणी त्यांनी हौसेने अँप्लिफायर, टर्नटेबल आणि कमरेएवढे दोन स्पीकर आणले होते. सोबत नऊ रेकॉर्डी, सगळ्या सिंथेसायझरच्या. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत. एक सूर घूं करत सुरू होतो आणि दहा मिनिटं हलायचं नाव घेत नाही. काकू कपाळाला हात लावायच्या. "दिवसभर पंप ऐकून पोट भरत नाही का तुमचं? घरी येऊन पुन्हा तेच!" मग काका मुकाट्याने हेडफोन लावायचे. पुढे काकू अंथरुणाला खिळल्या आणि हेडफोनसकट रेकॉर्डी खोक्यात भरून माळ्यावर गेल्या. काकूंना जाऊनही आता दोन वर्षं झाली.

परवा विम्याचे कागद शोधताना ते खोकं हाती लागलं. हेडफोनच्या स्पंजचा बोट लावताच भुगा झाला. नाइलाजाने काकांनी स्पीकर जोडले, सुई टेकवली. काकूंच्या धाकाने आजवर कधी वाढवला नव्हता तो आवाज खोलीभर पसरला तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, की तो खालचा सूर कानात नाही, पोटात ऐकायचा असतो. "ऐकलंस?" म्हणून ते वळले, तर खुर्ची रिकामी. फार एकटं वाटलं त्यांना.

मग त्यांना एक खुळी आशा लागली. कोणीतरी भांडायला येईल. खिळा ठोकला तरी तावातावाने वर येणारी माणसं ही, एवढा आवाज कशी सोडतील? काकांनी रोज बटण थोडं पुढे सरकवलं. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. कोणी फिरकलं नाही. शेवटी लिफ्टमध्ये खालच्या ताईंना त्यांनी स्वतःच विचारलं, "आवाजाचा त्रास होतो का हो?"

"छे हो काका, तुमचा कसला आवाज!" ताई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. काका जवळजवळ धावलेच. दारात सोसायटीचा इलेक्ट्रिशियन, खांद्याला पिशवी.

"काका, खालच्या ताई म्हणतायत भिंत घुमतेय. गच्चीवरची मोटर बघितली, तळमजल्यावरची बघितली. दोन्ही ठणठणीत." त्याने कान टवकारले. "हा बघा, हाच आवाज! घरात वेगळी मोटर बसवलीय का तुम्ही? नसेल तर निघतो, अजून चार घरं बघायचीत."

म्हणजे आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. त्यामागे माणूस असेल, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रेकॉर्ड लावलीय म्हणावं, तर हा हसून जिना उतरणार.

पंपाबद्दल खोटा शब्द काकांच्या तोंडून आजवर कधी निघाला नव्हता.

"आहे ना मोटर," ते म्हणाले. "कुरकुरतेय कालपासून. वेळ लागेल बघायला. आत या, बसा आधी."