पेटीवरची मेथी

आमच्या घरात ओल किती, हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, फेकतो. आता मी फेकतोच, शेलूबाजारच्या बाजारात कुणालाही विचारा. पण ओल खरी आहे. समोरच्या खोलीत मेथी-पालकाच्या जुड्या बांधायच्या, त्यांच्यावर पाणी मारायचं, ओल्या बारदानाखाली झाकायच्या आणि सकाळी जीपमध्ये टाकायच्या, हा आमचा धंदा. त्या खोलीत काडेपेटी ठेवली तर काड्यांना कोंब फुटतात. एकदा मिठाचा डबा राहून गेला होता. सकाळी झाकण काढलं तर आत समुद्र, लाटांसकट.

त्याच खोलीत बायकोची पेटी असायची. पेटी म्हणजे हार्मोनियम. गावातल्या बायांच्या भजनी मंडळात ती पेटीवर बसायची. संध्याकाळी बाया जुड्या बांधायला आमच्याकडे जमत. हात चालत, तोंडं त्याहून जास्त चालत. मध्येच हिला एखादी चाल सुचली की मेथीनं भरलेला ओला हात तसाच पेटीवर. पांढऱ्या पट्ट्यांवरचे पातळ पत्रे कधीच गळून गेले होते, खाली कोरं लाकूड. ते लाकूड मेथीचा रस प्यायलं. तिची बोटं जिथं पडत तिथं हिरवट काळे ठिपके उमटले. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, या पेटीला खत घातलं तर दर महिन्याला मेथीचा एक तोडा निघतो.

मागच्या वर्षी ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मला रडू आलं नाही. वाटलं, उद्या येईल. उद्याही आलं नाही. तेरवीला मी आलेल्या पाहुण्यांना सांगत बसलो होतो, की आमच्या वाफ्यात रोही, म्हणजे नीलगाय, शिरला, त्यानं पालक खाल्ला नाही, नीट जुड्या बांधून बांधावर रचून गेला. माणसं हसली. मग आपण कुठं बसून हसतोय हे ध्यानात आलं आणि गप्प झाली. माझं तोंड तेवढं चालू होतं. आतली मोटार कुणीतरी बटण दाबून बंद केली होती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मावशी आली. मावशी म्हणजे मंडळाची म्होरकी, आमची शेजारीण. सुताराच्या घरची, त्यामुळे लाकडाला आणि माणसाला एकाच नजरेनं पाहणारी.

"पेटी काढ बावा," ती म्हणाली. "वर्साच्या दिवशी तिचीच पेटी वाजली पाह्यजे. धनजच्या मंडळाची मांगून आनली तं माही मान खाली जाईन."

"वाजते न मावशी. काल तं कोनी हात बी नाई लावला, आपल्या मनानंच वाजून राह्यली व्हती."

"फेकू नको. भाता हालव."

मी भाता हलवला. तिनं एक पट्टी दाबली. पट्टी खाली गेली आणि खालीच बसली. सूर लागला तो थांबेना. दुसरी दाबली, तीही तशीच. वर्षभर ओल्या बारदानाला टेकून लाकूड फुगलं होतं. मावशीनं नखानं पट्ट्या उचलल्या तेव्हा कुठं पेटी गप्प झाली.

"सुकव, घास, अन् मंग वरतून कायी पक्कं लाव, म्हंजे ओल शिरनार नाई. तुह्याच्यानं व्हते का मी घेऊन जाऊ?"

"व्हते," मी म्हणालो.

घासायचं म्हणजे ठिपके जाणार. ते मी तिला बोललो नाही.

आम्हा भाजीवाल्यांना ओलीवर एकच इलाज माहीत. विहिरीवरची मोटार जळली की तिच्या तारा नव्यानं गुंडाळतात आणि वार्निशात बुडवतात. मग ती पाण्यातही जगते. मोटार जगते तर पेटी काय चीज! गेलो शेलूबाजारला, वाइंडिंगवाल्याकडे.

"कोन्ती मोटार हाय?" त्यानं विचारलं.

"सात सुरांची. भात्यावर चालते, वीजबिल नाई."

तो हसला, डबा दिला. पण मागून ओरडला, "लाकडाले लावता का? मंग पयले खडखडीत वाळवजा. ओल्यावर लावलं तं ओल अंदरच कोंडते!"

"हाव हाव," म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

घरी येऊन वाळवलं नाही. उन्हानं ठिपक्यांचा रंग उडतो. घासायचा तर प्रश्नच नव्हता. ब्रश घेतला आणि पट्ट्यांवर, फटींत, जिथं लाकूड दिसलं तिथं वार्निश चोपडलं. ठिपके काचेखाली ठेवल्यासारखे चमकले. मी पाहत बसलो. काही वाटलं नाही. म्हणून अजून एक हात दिला.

मावशी पुन्हा आली तेव्हा वार्निशाखाली पांढरे फोड आले होते आणि पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. एक दाबली की शेजारच्या चार सोबतीला जात.

"अवो माय! हे काय करून ठेवलं?"

"मावशी, आता एका बोटात पाच सूर. मंडळाले एकच बोट पुरन."

ती हसली नाही. तिनं त्या फोडांवरून बोट फिरवलं, एका ठिपक्यावर थांबली.

"घासलं काहून नाई?"

मी तिचं बोट त्या ठिपक्यावरून हळूच उचललं. तिला कळायचं ते कळलं.

"हे तिचे हात नोहेत बावा. डाग हायेत. तिले तं लाज वाटे त्याची. कार्यक्रमाच्या आंधी माह्या घरी बसून लिंबू लावून घासे. निंगत नव्हते."

"मले माहीत नव्हतं," मी म्हणालो. वर्षभरात माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं बिनमसाल्याचं वाक्य असेल.

"तुले कायले सांगते? तू गावभर पेटीचा तोडा काढत फिरे."

मग आम्ही कामाला लागलो. पट्ट्या ओवलेली मागची सळई काढून एकेक पट्टी सोडवली, पाठीवर पेन्सिलीनं आकडे घातले. फोड खरवडले. उन्हात ठेवल्या तर वाकड्या होतील म्हणून ओसरीवर, सावलीच्या वाऱ्यात वाळू दिल्या. खडखडीत झाल्यावर पॉलिशपेपर. मावशी कडा घासत होती, मी वरची बाजू. हिरवं निघत गेलं आणि खालच्या कागदावर भुकटी जमली.

"डबीत ठेवतं का?" मावशीनं विचारलं. तिनं थट्टा केली नव्हती.

मी कागद उचलला आणि अंगणात झटकला. वारा नव्हता. भुकटी तिथंच पडली.

मावशीच्या घरून लाखेचं पॉलिश आणलं होतं, स्पिरिटात विरघळवलेलं, पाण्यासारखं पातळ. फडक्याच्या बोळ्यानं हलका हात, वाळू द्यायचं, परत हलका हात. पितळेच्या सुरांना, म्हणजे आतल्या पातळ जिभांना, थेंब लागू द्यायचा नाही, पट्टीखालच्या चामड्यालाही नाही. "ते श्वास घेते," मावशी म्हणाली. पेटी त्या खोलीतून हलवली, फळीवर ठेवली, वर सुती लुगडं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मंडळातली दुसरी बाई पेटीवर बसली. बसण्याआधी तिनं हात पदराला पुसले. बाया म्हणू लागल्या. पेटी चांगली वाजते, असं सगळे म्हणत होते. असेल. मला सुरातलं कळत नाही. मी भिंतीला टेकून फक्त पट्ट्यांकडे पाहत होतो. दाबली, वर आली. दाबली, वर आली.