ओव्याचा शेक आणि सुनेचा पंप

शेजारी ओवा भाजला, की मला डोणगावच्या घरातली ती दुपार आठवते. थ्रेशरमधून सोयाबीनचा भुसा उडत होता आणि चार वर्षांच्या नातीची छाती शिट्टीसारखी वाजत होती. तिचा दम्याचा पंप मी देव्हाऱ्यामागे लपवला होता. "सवय लागते त्याची," असं म्हणत मी ओव्याच्या गरम पुरचुंडीनं तिला शेकत बसलो.

सुनेनं पंप शोधून काढला. "मामाजी, शेक द्या, मी नाही म्हनत नाही. पन आधी तिले श्वास तं घेऊ द्या."

पंप दिल्यावर थोड्या वेळानं नात बोलली, "आबा, चटका लागून राह्यला."

गावभर मात्र पोर ओव्यानंच बरी झाली, असं मी सांगत फिरलो. आता स्पष्ट सांगतो. ओव्यानं ऊब दिली. पोर वाचवली ती सुनेनं.